सूर काढून घेतल्यावर

तात्यांचं पूर्ण नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांना ते चाललं नसतं. आयुष्यभर ढोलकी वाजवली, पण त्यांचं नाव कुठल्या पोस्टरवर आलं नाही की कुठल्या तबकडीवर. याची खंत वाटण्याऐवजी त्यांना सोयच वाटायची. "नाव नसलं की उधारी मागायला बी कोण येत न्हाई," असं म्हणून ते तंबाखूची चिमूट दाढेखाली सारायचे. उधारी राहिली ती माझ्याकडे. बाईंनी मला कथक शिकवलं, तोडे-तुकडे हातापायांत बसवले, त्यांचं देणं मी गुरुपौर्णिमेला तरी बोलून दाखवते. तात्यांनी मला नाच कसा पाहायचा ते शिकवलं, आणि हे देणं बोलून दाखवायला कॅलेंडरात दिवस नाही.

आमचं घर मंगळवार पेठेत. वडिलांची शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत होती. समोरच्या वाड्यात, रस्त्याकडच्या एका खोलीत तात्या राहायचे. भजनी मंडळांचे मृदंग, शाळांचे तबले, फडांच्या ढोलक्या असं सगळं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचं. दिवसभर शाई घोटणं, वादी ओढणं चाललेलं असे. विशीत ते एका बँडमध्ये साइड ड्रम वाजवत. तिथून तमाशाच्या फडात गेले आणि दम्यानं धरल्यावर गावात परत आले.

कथक शास्त्रीय, म्हणून ते आमच्या घरात चालायचं. समोरची ढोलकी तमाशाची, म्हणून ती चालायची नाही. कोल्हापुरात ही रेघ फार ठळक होती, आणि ती ओढणारी मंडळी सुगी झाली की रात्री कुठं बसतात हे गल्लीला ठाऊक असायचं. मला तात्यांच्या खोलीत जायला बंदी होती, पण त्यांच्या आवाजाला नव्हती. मी माडीवर रियाज करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तात्या सहज म्हणायचे, "काल तिसऱ्या आवर्तनात घाबरलीस." रस्त्यापलीकडून, बंद खिडकीतून त्यांना घुंगरांत माझी भीती ऐकू आलेली असे. मी चिडायचे, कारण ते खरं असायचं.

एकदा म्हणाले, "तुला मोजाय शिकवलंय झकास. आता थांबाय शीक." पुढं काहीच सांगितलं नाही. थांबायचं म्हणजे कुठं आणि किती, हे कळायला मला एक सिनेमा आणि एक रशियन तबकडी लागली.

सिनेमा होता 'पिंजरा'. तो १९७२ मध्ये आला तेव्हा मी लहान होते, आणि तमाशाचा सिनेमा म्हणून आम्हां मुलींना नेलं नव्हतं. पुढं कॉलेजात असताना तो मॅटिनीला परत लागला. आत्याला मध्ये घालून परवानगी मिळवली. आत्याच्या पलीकडे तात्या, असे आम्ही बसलो. पहिली लावणी सुरू झाली तसे तात्या पुढं वाकून मला म्हणाले, "कान झाक." मला वाटलं, गाण्यात काही वावगं आहे. "झाक की गं पोरी. रामभाऊंचं गाणं रेडिओवर रोज ऐकतीस. आता नुसती बाई बघ."

मी कानांत बोटं घातली. राम कदमांची चाल गेली, उषा मंगेशकरांचा आवाज गेला. उरल्या नुसत्या संध्या. आवाज होता तोवर मी त्यांचा चेहरा बघत होते. आवाज गेला तसा चेहरा जास्तच बोलका वाटायला लागला, थोडा असह्यही. डोळे, भुवया, ओठ, सगळं एकदम आणि सगळं मोठ्यानं. नजर आपोआप खाली गेली. खाली वेगळीच बाई नाचत होती. ती घाई करत नव्हती. पाऊल पडायच्या आधी एक क्षण ती त्याला अडवून धरायची, आणि त्या अडवण्यात पुरुषाला खेळवण्याची सगळी गोष्ट होती. नंतर बाहेर चहा घेताना तात्या म्हणाले, "बाई वरनं लई बोलत्यात. पायात मात्र खोटं न्हाई." संध्यांच्या अभिनयावर पुढं मी पुष्कळ वाचलं, बरंचसं त्यांची टिंगल करणारं. या दोन वाक्यांपलीकडं कुणी गेल्याचं मला दिसलं नाही.

'पिंजरा' कुठून आला हे तेव्हा मला माहीत नव्हतं. हाइनरिश मान यांनी १९०५ मध्ये 'प्रोफेसर उनराट' ही कादंबरी लिहिली. तिच्यावरून योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी १९३० मध्ये 'द ब्ल्यू एंजल' हा चित्रपट केला आणि मार्लेन डीट्रिश जगाला माहीत झाली. शिस्तीचा एक मास्तर कॅबरेतल्या गाणारीच्या नादी लागतो आणि शेवटी विदूषक होऊन रंगमंचावर कोंबड्यासारखा आरवतो, अशी ती गोष्ट. कादंबरीतला मास्तर शेवटी गावालाच जुगाराच्या नादी लावून सूड उगवतो. सिनेमातला आपल्या जुन्या वर्गात परत येतो आणि टेबल घट्ट धरून मरतो. म्हणजे उसनं घेताना पहिल्याच माणसानं शेवट बदलला होता.

व्ही. शांताराम यांनी ती गोष्ट तमाशाच्या फडात आणली. कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटलांचे, गाणी जगदीश खेबुडकरांची. माने कोल्हापूरचे. 'सांगत्ये ऐका' हा त्यांचा १९५९ चा तमाशापट पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला होता, त्यामुळे फड पडद्यावर कसा उभा करायचा हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पाटील पट्टणकोडोलीचे. खेबुडकर आमच्या गावात शाळामास्तर होते. तमाशातल्या बाईपायी मास्तर धुळीला मिळतो अशा सिनेमाच्या लावण्या एका मास्तरानंच लिहिल्या, आणि त्या लिहिताना त्याचा हात कुठं अडखळल्याचं दिसत नाही, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. शांताराम स्वतःही इथलेच. पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत पडेल ते काम, मग बाबूराव पेंटरांकडे उमेदवारी, आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच चार भागीदारांबरोबर प्रभात फिल्म कंपनी. जर्मन गोष्टीला मराठी अंग देणारी ही सगळी माणसं पंचगंगेचं पाणी प्यालेली.

त्यांनी काय बदललं ते मला पुढं 'द ब्ल्यू एंजल' पाहिल्यावर कळलं. डीट्रिश त्यात जवळजवळ हलतच नाही. पिंपावर बसते, एक गुडघा वर घेते आणि आळसावल्यागत गाते. मास्तरला पाडायला तिला तेवढं पुरतं, कारण तिची ताकद आवाजात आणि बसण्यात आहे. संध्यांची ताकद नाचण्यात. त्या शांतारामांच्या 'अमर भूपाळी'तून १९५१ मध्ये पडद्यावर आल्या, 'झनक झनक पायल बाजे'साठी गोपीकृष्णांकडे नाच शिकल्या, 'नवरंग'मध्ये डोक्यामागं मुखवटा बांधून एकाच अंगातून बाई आणि पुरुष नाचल्या. अशा नटीसाठी बसून गाणाऱ्या बाईची गोष्ट जशीच्या तशी घेऊन काय उपयोग? म्हणून 'पिंजरा'तली चंद्रकला चंद्रावळीकर नाचते. आणि ती नाचते म्हणून मास्तरला तिच्यामागं ताल धरून उभं राहावं लागतं. श्रीराम लागूंच्या हातातलं ते तुणतुणं जर्मन गोष्टीत नाही. ते नाचातून आलं. नायिकेचं अंग बदललं तशी नायकाच्या अधःपाताची तऱ्हाही बदलली.

शेवट तर पुरता आपला झाला. गावाला वाटतं गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली गप्प राहून फाशी जातात, पुतळ्याला डाग लागू नये म्हणून. मास्तर मेला तरी मास्तरकी जगली पाहिजे, हा हट्ट मराठी गावाचाच. १९७२ चं उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक 'पिंजरा'ला मिळालं. तरी मला त्यात पिंजऱ्याची, पक्ष्याची प्रतीकं जरा जास्तच झाल्यासारखी वाटतात. शांतारामांचा प्रेक्षकावर विश्वास कमी, एक गोष्ट ते तीनदा सांगतात. पायांनी एकदाच सांगितलेलं पुरलं असतं.

आता तबकडी. माझा थोरला भाऊ शिवाजी विद्यापीठात शिकत होता. त्या काळी सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं भरायची. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची पुस्तकं फार स्वस्तात मिळत. अशाच एका प्रदर्शनातून तो 'मेलोदिया'ची एक तबकडी घेऊन आला. बिझे यांच्या 'कारमेन' या ऑपेराचं रोदिओन श्चेद्रिन यांनी केलेलं बॅलेचं रूप, गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की यांनी संचालित केलेलं. भावाला संगीतातलं काही कळत नव्हतं, स्वस्त होती म्हणून आणली. आमच्याकडे फोनो नव्हता. गल्लीत ज्यांच्याकडे होता ते तात्यांचे भजनातले दोस्त. अशा रीतीनं एका दुपारी पाच-सहा वारकरी, एक ढोलकीवाला आणि मी, असे 'कारमेन' ऐकायला बसलो.

सुरुवातीला सगळे अवघडले होते. मग तालवाद्यं आली, आणि तात्यांची बोटं मांडीवर चालू लागली. श्चेद्रिननी ऑपेराच्या वाद्यवृंदातली फुंकायची सगळी वाद्यं काढून टाकली आहेत. ठेवली फक्त तंतुवाद्यं, आणि त्यांच्यासमोर तालवाद्यांची मोठी फौज उभी केली. घंटा, पिपाणीसारखा चिरका आवाज करणारी कसली कसली खुळखुळी, लाकडाचे ठोकळे. तात्या म्हणाले, "हे कुणीतरी नाचणारीच्या घरचं हाय." त्यांना श्चेद्रिन कोण हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. श्चेद्रिन हे नर्तिका माया प्लिसेत्स्काया यांचे पती, आणि ही रचना त्यांनी बायकोसाठीच केली, हे मी पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं.

मग बैलझुंज करणाऱ्याचं गाणं आलं. ती चाल जगाला पाठ आहे. तात्यांनाही होती, कारण त्यांच्या बँडमास्तरच्या वहीत ती 'इंग्लिश मार्च' म्हणून होती आणि वरातीत वाजायची. ओळखीची चाल म्हणताच ते गुणगुणू लागले. आणि एका जागी, ऐन भरात, चाल गायब झाली. खालचा ठेका तसाच चालू, वरचं गाणंच नाही. तात्या मात्र गात राहिले. दोन-तीन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच गातोय. आधी ते दचकले, मग असे हसले की दम लागला. "चोरानं सूर काढून घेतला आणि मला गायला लावलं!" ती जागा त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला लावली. फोनोवाल्यांनी शेवटी सुई झिजेल म्हणून तबकडी काढून घेतली.

थांबायचं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. थांबलेल्या जागेत बघणाऱ्यानं स्वतःहून पाऊल टाकलं पाहिजे.

या बॅलेची जन्मकथा मी पुढं हाताला लागेल तिथून जमवली. प्लिसेत्स्काया बोल्शॉयची सर्वांत मोठी नर्तिका, पण राजहंसिणी आणि राजकन्या नाचून तिचा जीव विटला होता. तिला कारमेन व्हायचं होतं. सिगारेटच्या कारखान्यात काम करणारी, कुणाच्या बापाला न जुमानणारी, स्वतःच्या मर्जीनं प्रेम करणारी आणि ते संपलं की तोंडावर सांगणारी बाई. संगीतासाठी ती शोस्ताकोविच यांच्याकडे गेली. बिझेची धास्ती वाटते म्हणून ते नको म्हणाले. खाचातुरियान यांच्याकडूनही काही झालं नाही. मग क्यूबाचा बॅले मॉस्कोत आला, तिनं अल्बेर्तो अलोन्सो यांची रचना पाहिली आणि धावत रंगमंचामागं जाऊन त्यांना गाठलं. संगीत शेवटी घरच्याच माणसानं केलं. २० एप्रिल १९६७ ला बोल्शॉयमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. आपल्याकडे या वयात नाचणाऱ्या बाईला लोक आईच्या भूमिका सुचवतात. सांस्कृतिक मंत्री एकातेरिना फुर्त्सेवा भयंकर चिडल्या. उघड्या मांड्या, आणि थोर ऑपेराचे असे हाल! बंदीची वेळ आली तेव्हा, आधी नकार देणारे शोस्ताकोविचच मध्ये पडले.

गंमत अशी की ज्या ऑपेराच्या इभ्रतीसाठी हा आटापिटा चालला, तो १८७५ च्या मार्चमध्ये पॅरिसला पहिल्यांदा झाला तेव्हा तिथल्या सभ्य लोकांनी नाकं मुरडली होती. बरोबर तीन महिन्यांनी, छत्तीस वर्षांचे बिझे वारले. नंतर मिळालेलं यश त्यांनी पाहिलंच नाही.

अलोन्सोंनी सगळी गोष्ट बैलझुंजीच्या रिंगणात आणून ठेवली. कारमेन, तिच्यापायी नोकरी घालवून बसलेला शिपाई, झुंजवाला, आणि काळ्या कपड्यातली एक नर्तिका, जी बैलही आहे आणि नियतीही. वर गोल कठड्यावरून लोक बघतायत. मी हे वाचून तात्यांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हंजे खासबाग म्हण की." मी मान डोलावली. कुस्त्यांच्या खासबाग मैदानाला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह उभं होतं. दोन्ही शाहू महाराजांनी बांधली. इकडं माती, तिकडं पडदा. रोमला जाऊन आल्यावर महाराजांना खुलं मैदान सुचलं असं सांगतात. कारमेनला कोल्हापुरात जागा शोधायची झाली तर दोन इमारतींमधल्या त्या भिंतीवर मिळेल.

इतकं सगळं डोक्यात साठल्यावर हातून काहीतरी व्हायचंच होतं. १९९० च्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगी होती. मी शिकवलेल्यांत तिच्यासारखी दुसरी झाली नाही. ती उभी राहिली तरी लोक बोलायचे थांबत. तिच्यासाठी मी 'एकच प्याला' नाचात आणायचं ठरवलं.

हे नाटक मुळातच एका मोठ्या नटासाठी घडलेलं. नाटककार गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि नाटक त्यांच्यामागं त्याच वर्षी गंधर्व मंडळीनं रंगमंचावर आणलं. दारूपायी बुडणारा सुधाकर झाले गणपतराव बोडस, त्याची बायको सिंधू झाले बालगंधर्व, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. भरजरी शालूंसाठी ज्यांची ख्याती ते बालगंधर्व सिंधूसाठी ठिगळाचं लुगडं नेसत. पण गळा कुठं ठिगळाचा करणार? दळण दळून पोट भरणारी, लेकराला दूध न मिळालेली बाई वन्समोअर घेत गातेय, आणि प्रेक्षक डोळे पुसत पुन्हा म्हणा म्हणतायत. आपल्या संगीत नाटकाचा हाच चमत्कार आणि हीच अडचण. दुःख इतकं गोड होतं की ते संपू नये असं वाटतं. माझ्या वडिलांच्या पिढीला सिंधूचे हाल कमी आणि पदं जास्त आठवायची.

मी आराखडा तात्यांना वाचून दाखवला. पदं ध्वनिमुद्रित लावायची, त्यावर अभिनय. तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी गाती का?" मी म्हटलं, नाही. "मग तिच्या तोंडात गंधर्वांचा गळा कशाला कोंबतीस? ती बिचारी ओठ हलवत ऱ्हाईल आणि लोक गाणं ऐकतील. काढ."

"सगळी पदं?"

"सगळी. जातं ठेव."

आणि जातं ठेवलं. खरं जातं, तात्यांच्या ओळखीच्या एका वडारानं टाकी लावून दिलेलं. त्याची घरघर, घुंगरं, आणि ढोलकी. तीही तात्यांनी शाईवर ओलं फडकं टाकून वाजवलेली, म्हणजे तिला नाद उरू नये, नुसता धक्का उरावा. दम्यानं बेजार असताना त्यांनी ती वाजवली. मी पदांच्या चालींची मोजणी मात्र तशीच ठेवली होती. सिंधू जिथं गायली असती तितकाच वेळ, त्याच लयीत, ती जातं ओढायची. सुधाकर रंगमंचावर नव्हताच. त्याच्या जागी एक खुर्ची आणि तिच्यावर पेला. तो दर खेपेला जरा पुढं सरकलेला असे.

प्रयोग केशवराव भोसले नाट्यगृहात झाला. टाळ्या बेताच्याच पडल्या. आत आले ते एक वयस्क, टोपी घातलेले नाट्यरसिक, संतापानं थरथरत. पदं कुठं आहेत? गुर्जरांची पदं गाळायचा तुम्हाला काय अधिकार? तिसऱ्या अंकातल्या त्या पदाच्या जागी तुम्ही त्या पोरीला नुसतं दळायला लावता? मी काही बोलायच्या आत तात्यांनी ढोलकी बाजूला ठेवली आणि विचारलं, "काका, ते पद त्याच जागी व्हतं हे तुमास्नी कसं कळलं? आम्ही तर वाजिवलं न्हाई." गृहस्थ गप्प झाले. मग काही न बोलता खुर्ची ओढून बसले, पाणी मागितलं, आणि पुढचा तासभर त्यांनी तात्यांना पाहिलेले जुने प्रयोग ऐकवले. तात्यांनी त्यांना तंबाखू दिली. मला वाटतं, ती त्या प्रयोगाची खरी दाद.

बिदागी द्यायला मी पाकीट घेऊन गेले तेव्हा तात्यांनी ते उघडून पाहिलं, नोटा मोजल्या, आणि वडाराच्या पैशांपुरतं ठेवून बाकीचं परत केलं. "वाजवलं तवाच वसूल झालं," म्हणाले. बरं वाटलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. फडात उभी हयात पैशासाठी घासाघीस केलेला माणूस माझ्याकडून पैसे घेत नव्हता. त्या मोठेपणाखाली मी आजही अवघडून जाते. त्यांनी घेतले असते तर बरं झालं असतं.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या खोलीच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी बघायला गेले होते. लोक रडत होते. मला मात्र तात्यांचा राग आला, की हे ऐकवायला, यावर काहीतरी वाकडं बोलायला हा माणूस नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये श्चेद्रिन गेले आणि ऑक्टोबरात संध्या. मधे जेमतेम सव्वा महिना. दोघांना एका श्वासात आठवणारं माणूस कोल्हापुरात माझ्याशिवाय कुणी असेल असं वाटत नाही, आणि हे वेड मला कुणामुळे लागलं ते आता लिहून झालंच आहे.

एका बाबतीत आमचं कधी जमलं नाही. 'पिंजरा' ही शोकांतिका कुणाची? मी म्हणायचे, मास्तरची. शिकलेला, जपलेला माणूस स्वतःच्या पुतळ्याखाली चिरडला जातो. तात्या म्हणायचे, "त्येचा पुतळा तरी झाला. बाईचा कुठं झाला? फडाची वीस माणसं तिच्या पायावर जेवायची. त्यांचं पुढं काय झालं, ते दाखिवलं का कुणी?" मी म्हणायचे, गोष्ट त्यांची नाहीच. ते म्हणायचे, "म्हणूनच म्हणतो."

'एकच प्याला'तली ती माझी विद्यार्थिनी आता स्वतः शिकवते, सांगलीत. गेल्या वर्षी तिनं चंद्रकलेवर नाच बसवायला घेतला. आराखडा दाखवायला आली तेव्हा मी चष्मा लावून अगदी बाईंच्या थाटात बसले. रंगमंचावर मास्तर नाहीच. एका कोपऱ्यात तुणतुणं टांगलेलं, कुणी न वाजवलेलं. सुरुवात शेवटापासून: फड मोडतोय, कनाती उतरतायत, पेट्या बांधल्या जातायत, आणि ती शेवटची एकदा घुंगरं बांधते, कारण गाडीभाड्याचे पैसे कमी पडलेत.

"मास्तर नाही तर पडतो कोण?" मी विचारलं.

"ताई, पडणारा मास्तर लोकांनी खूप पाहिला. मी फडातली माणसं जेवली का ते दाखवणार."

मी तिला तात्यांबद्दल कधी यातलं काही सांगितलं नव्हतं. ढोलकी वाजवणारे एक आजोबा, एवढंच तिला आठवतं. तरी मी वाद घातला. म्हटलं, मूळ गोष्ट जर्मन, तिथून इथं येताना इतकं बदललं, आता तू उरलेलंही काढलंस तर ओळखणार कोण? ती म्हणाली, ओळखणारे ओळखतील, नाहीतर भांडायला आत येतील. यावर मला काही बोलता येईना. शेवटी मी म्हटलं, निदान ते तुणतुणं तरी एकदा वाजू दे.

"बघू," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.